सत्तावीस टक्के आणि सत्त्याऐंशी नावं

बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नागसेनराव हिवाळ्यांना त्यांच्याच लॅपटॉपनं लेखी आदेश दिला. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली होती: 'अद्यतनावर काम सुरू आहे. २७% पूर्ण. आपला संगणक बंद करू नका.' मराठीत अशासाठी, की लेकीनं लॅपटॉप घरी ठेवला त्याच दिवशी नागसेनरावांनी त्याला राजभाषेत कामकाज करायला लावलं होतं. आता 'बंद करू नका' हे तुम्ही-आम्ही वाचलं असतं, हूं म्हटलं असतं आणि चहाला गेलो असतो. पण नागसेनरावांची तीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली होती. कागदावर जे लिहिलंय ते तसंच करायचं, का म्हणून विचारायचं नाही, एवढी एक गोष्ट ते नोकरीत शिकले होते. दुसऱ्या गोष्टी शिकलेले लोक साहेब झाले.

नऊ वाजले तरी सत्तावीस टक्केच. लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर होता, कारण साखरखेर्ड्यात आठला लाईट जाते आणि इन्व्हर्टरवर चालणारा एकमेव प्लग मिक्सरचा आहे. धम्मशीलाबाईंनी आधी त्याच्या डाव्या बाजूला भाकरी थापल्या, मग उजव्या. मग पीठ त्याच्यावर उडू नये म्हणून नवऱ्यानं वर्तमानपत्र धरून उभं राहावं असं ठरलं, आणि तसा तो उभा राहिला. शेवटी त्या म्हणाल्या, "समताचे बाबा, हे इथून उचलता का मी आता याच्यावरच भाकर थापू?"

एखादा लॅपटॉप अडून बसला म्हणून काही आभाळ कोसळत नाही. पण या लॅपटॉपात समताच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या लेकीच्या, लग्नाची पत्रिका होती, आणि ती आज संध्याकाळी सहाच्या आत चिखलीच्या छापखान्यात पोचायची होती. छापखान्याच्या मालकानं बजावलं होतं, सराई जोरात आहे, आज मजकूर आला नाही तर तुमचा नंबर लग्न होऊन गेल्यावर लागेल.

लग्न ठरायला अर्धा तास लागला होता. मुलगा चांगला, समताला पसंत, चहा झाला, रविवार पाहून तारीख ठरली. पत्रिकेला बावीस दिवस लागले. आपल्याकडे पत्रिका कशासाठी असते हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. लग्न कुठं आणि किती वाजता, हे तर लोक फोन करूनच विचारतात. पत्रिका हातात आली की माणूस आधी स्वतःचं नाव शोधतो, मग आपल्या वर कोण आहे ते बघतो, आणि वेळ उरलाच तर लग्न कोणाचं आहे तेही वाचतो. नागसेनरावांच्या यादीत सत्त्याऐंशी नावं होती. त्यातल्या प्रत्येकाशी बोलणी झाली होती, काहींशी दोनदा. एका मेहुण्याला तर त्यांनी 'स्वागतोत्सुक'मधून 'निमंत्रक'मध्ये आणलं होतं आणि त्या बदल्यात दुसऱ्याचं नाव ठळक अक्षरांत टाकायचं कबूल केलं होतं.

खरा पेच होता तो सिंधूताईंचा. सिंधूताई म्हणजे दुसरबीडच्या आत्या, नागसेनरावांच्या वडलांची बहीण. समता पाचवी ते दहावी त्यांच्याकडे राहून शिकली, त्यांच्या हातची खाऊन मोठी झाली. सहा वर्षांपूर्वी नागसेनरावांचे थोरले चुलतभाऊ सहदेवराव यांच्या मुलाचं लग्न झालं, तेव्हा पत्रिकेत आत्यांचं नाव नवव्या नंबरवर छापलं गेलं. आत्या गेल्या नाहीत. तेव्हापासून ज्या मांडवात सहदेव त्या मांडवात आत्या नाहीत, असा रिवाजच पडला. आणि समतानं बापाला एकदाच, भाजी निवडता निवडता सांगितलं होतं, "आत्याआजी आली नाही त मले त्या लग्नात काही गोडी नाही, बाबा." पोरगी फार बोलत नसे, त्यामुळे नागसेनरावांना ते लागलं होतं.

म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. यादीच्या दोन रांगा केल्या, शेजारी शेजारी. डावीकडे सगळ्यात वर सिंधूताई, उजवीकडे सगळ्यात वर सहदेवराव. मग दोघांनाही वेगवेगळं गाठून सांगितलं, तुमचं नाव पहिलं आहे. दोन्हीही खरं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्या कष्टाच्या यादीची दुसरी प्रत का नव्हती? ती मुद्दामच नव्हती. यादी एकदा मोबाइलवर गेली की ती कुटुंबाच्या ग्रुपवर जाणार, ग्रुपवर गेली की तिसऱ्या मिनिटाला पहिला माणूस ग्रुप सोडणार. छापून हातात पडेपर्यंत ती कोणाला दिसता कामा नये. गोपनीय कागद कपाटात ठेवून किल्ली खिशात ठेवावी, तशी त्यांनी ती लॅपटॉपात ठेवली होती. कच्चे कागद त्यांनी स्वतःच्या हातानं बंबात घातले होते.

साडेनऊपर्यंत घरात सल्लागार जमले. पहिले आले कडूबा, शेजारचे, वांगी-मेथी पिकवणारे. त्यांच्या विहिरीवरची मोटर आठवड्यातून दोनदा अडकते, त्यामुळे यंत्र या विषयात त्यांचा शब्द गल्लीत मानला जातो. त्यांनी लॅपटॉपकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, मोटर अटकली का आपण काय करतो? बटन दाबून धरतो. याचंबी धरा दाबून."

नागसेनरावांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "तिथं काय लिव्हेल हाय ते वाचा आंधी."

कडूबांनी वाचलं आणि ते ओट्यापासून दोन पावलं मागे सरले. मग निवृत्ती कंपाउंडर आला. त्यानं लॅपटॉपच्या पोटाखाली हात घातला, अंग फार गरम आहे म्हणाला आणि वर्तमानपत्रानं वारा घालायला सांगितलं. कुणी म्हणालं, तांदळाच्या डब्यात ठेवा. कुणी म्हणालं, तांदूळ भिजलेल्या मोबाइलला लागतो, याला उन्हात ठेवा. ऑनलाइन सेंटरवाला पोरगा जालन्याला लग्नाला गेला होता. त्यानं फोनवर सांगितलं की बुलढाण्याला अनुपमा मॅडमचं दुकान आहे, तिकडं न्या.

न्यायचं तर खरं, पण कसं? बंद करायचं नाही असा आदेश. आणि झाकण लावलं की हा झोपतो असं समता एकदा म्हणाली होती, म्हणजे झाकणही लावायचं नाही. मग नागसेनराव इस्त्रीचा सदरा घालून, उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर आडवा धरून घरातून निघाले. मागे चार्जरची वायर गळ्यात घालून कडूबा. त्यांना चिखलीच्या बाजारात वांगी पोचवायचीच होती.

बसस्टँड पाच मिनिटांवर आहे, त्याला पंचवीस मिनिटं लागली. उघडा लॅपटॉप घेऊन भरदिवसा गल्लीतून चालणारा माणूस म्हणजे सर्व्हे, हे गावात कोणालाही कळतं. दोन बायका आधार कार्ड घेऊन धावत आल्या. एका म्हाताऱ्यानं घरकुलाच्या यादीत आपलं नाव आहे का बघायला सांगितलं. नागसेनराव म्हणाले, अजून सत्तावीसच टक्के झालंय. म्हातारा म्हणाला, मागल्या साहेबानंबी तेच सांगतलं व्हतं. तीस वर्षं कचेरीत इज्जतीनं काढलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं.

बसमध्ये तर त्यांची अब्रू सगळ्यांसमोर मांडीवर उघडीच होती. कंडक्टरनं विचारलं, हे काय. शेजारच्या बाईनं विचारलं, पिक्चर आहे का. नागसेनरावांनी प्रत्येकाला आदेश वाचून दाखवला. हळूहळू बसलाच त्यात गोडी वाटू लागली. मागचे लोक पुढच्यांना विचारू लागले, किती झालं? लव्हाळ्याच्या अलीकडे एक मोठा खड्डा आला, बस उडाली, आणि आकडा सत्तावीसचा तीस झाला. ड्रायव्हरलाही बरं वाटलं असावं, कारण पुढचे दोन खड्डे त्यानं चुकवले नाहीत.

चिखलीला बस बदलायची होती. तिथं लॅपटॉपच्या कडेचा दिवा नारिंगी झाला. कडूबा वांगी आडत्याकडे टाकून पळत आले आणि दोघांनी स्टँडवरच्या हॉटेलवाल्याला हात जोडले. त्यानं फ्रिजची पिन काढून जागा करून दिली, पण बसायचं तर काही घ्यावं लागतं, म्हणून दोघांनी तीन-तीन चहा घेतले. छापखाना रस्त्याच्या पलीकडेच होता. मालक दोनदा दारात येऊन उभा राहिला, आणि दोन्ही वेळा नागसेनराव लॅपटॉपच्या झाकणाआड खाली वाकले.

चिखली ते बुलढाणा या टप्प्यात आकडा एकतीस झाला आणि मग पडद्यावरचा मजकूरच बदलला: 'अद्यतन पूर्ण करता आले नाही. केलेले बदल मागे घेत आहोत. आपला संगणक बंद करू नका.' नागसेनरावांना हे ओळखीचं वाटलं. त्यांच्या बढतीचंही असंच झालं होतं.

अनुपमा मॅडमचं दुकान बुलढाण्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत आहे. मॅडम तिशीच्या, चष्मा लावलेल्या, टेबलावर एका वेळी तीन लॅपटॉपांची पोटं उघडून बसलेल्या. त्यांनी नागसेनरावांना उघड्या लॅपटॉपसकट दारात पाहिलं आणि हातातला पेचकस खाली ठेवला.

"काका, हे साखरखेर्ड्याहून असंच चालू ठेवून आणलं?"

"लिव्हेल व्हतं ना, बंद करू नका."

"ते सगळ्याइलेच लिव्हून येते, काका. दोन तासांच्यावर अडकलं का बंदच करा लागते." असं म्हणून त्यांनी कडेचं बटन दाबलं आणि दहा सेकंद दाबून धरलं. लॅपटॉप विझला. कडूबा मान वर करून पंख्याकडे बघत राहिले आणि बराच वेळ बघत राहिले.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला खरा, पण आता तो अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागू लागला. मॅडमनी समजावून सांगितलं, आतली प्रत्येक गोष्ट कुलपात आहे, डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी उघडणार नाही. किल्ली लॅपटॉपच्या इंटरनेटवरच्या खात्यात आहे. खातं समतानं उघडलं होतं. समता संभाजीनगरच्या दवाखान्यात नर्स होती, ड्यूटीवर होती. तिनं दोन सलाइनच्या मध्ये फोनवर सांगितलं की पासवर्ड आठवत नाही, पण कोड मागवता येतो, आणि कोड बाबांच्या नंबरवर येतो. बाबांच्या जुन्या नंबरवर.

जुना नंबर नागसेनरावांनी दोन वर्षांपूर्वी सोडला होता. त्यांनी स्वतःच्याच जुन्या नंबरला फोन लावला तेव्हा त्यांना कसंनुसं झालं. पलीकडून एका वयस्क बाईंचा आवाज आला. त्यांचं नाव सत्यभामाबाई, राहणार लोणारकडच्या एका खेड्यात. नंबर त्यांना लेकानं घेऊन दिला होता. नागसेनरावांनी आदबीनं सगळी हकिकत सांगितली. इकडे मॅडमनी कोड मागवला, तिकडे बाईंच्या फोनची घंटी वाजली.

"आला," सत्यभामाबाई म्हणाल्या. "सहा आकडे हाये. पण सांगता येत नाही, बापू."

"काऊन?"

"त्याच्यातच लिव्हेल हाय, हा कोड कोणाले सांगू नका. मी चौथी शिकेल हाय, मले वाचता येते."

आयुष्यात पहिल्यांदा नागसेनरावांना लेखी आदेश पाळणारं माणूस भेटलं होतं, आणि ते नेमकं पलीकडच्या बाजूला होतं. त्यांनी विनवणी केली. लेकीचं लग्न आहे म्हणाले. बाई विरघळल्या, पण नियमाबाहेर गेल्या नाहीत. लग्नाचं खरं असन त पत्रिका दाखवा म्हणाल्या, खात्री झाली का सांगते. पत्रिका लॅपटॉपात आहे, असं नागसेनरावांनी सांगितलं. मंग काढा ना बाहेर, असं बाईंनी सांगितलं. अशा तऱ्हेनं प्रकरण पूर्ण फिरून आलं आणि दहा मिनिटांत कोडची मुदत संपली. दुसऱ्या मार्गानं नंबर बदलायला अर्ज करता येत होता, त्याला तीस दिवस लागतात असं पडद्यावर आलं. तीस दिवसांत काय काय होतं ते नागसेनरावांना चांगलं ठाऊक होतं.

दोन वाजले होते. नागसेनराव स्टुलावर बसले. सदऱ्याची इस्त्री मोडली होती, बोटांना पीठ लागलं होतं ते अजून तसंच होतं. समताचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. एवढा बावीस दिवसांचा खटाटोप कशासाठी केला, तर आत्यांनी मांडवात यावं म्हणून. आता घाईत काहीतरी छापायचं म्हणजे कोणाचं तरी नाव खाली जाणार, आणि ते कोणाचं जाणार हे ठरलेलंच होतं.

तेव्हा कडूबांनी पंख्यावरची नजर काढली. ते म्हणाले, "भाऊ, यादी मशीनीत गेली, लोकाइच्या डोक्यातून थोडीच गेली. तुमी ज्याच्याशी भांडले त्याले इचारा ना, तुह्या वर कोण व्हतं."

नागसेनरावांनी शंका घेत एका मेहुण्याला फोन लावला. मेहुण्यानं श्वास न घेता सांगितलं: आपण निमंत्रकांत चौथे, आपल्या वर मेहकरचे अर्जुनराव, आपल्या खाली धाकटे साडू, आणि ते खालीच राहायला पाहिजेत. अर्जुनरावांनी त्यांच्या वरची दोन्ही नावं आडनावांसकट सांगितली. साडूंना तर त्यांच्या खालची सगळी रांगच पाठ होती. एकालाही आठवायला वेळ लागला नाही. कोणाकोणाला लग्नाची तारीख विचारली तर ती मात्र नक्की माहीत नव्हती. एका फोनवर नागसेनराव, दुसऱ्यावर कडूबा, आणि समोर अनुपमा मॅडम आपलं गिऱ्हाईक थांबवून भराभर टाइप करत होत्या. साडेतीनपर्यंत पंच्याऐंशी नावं जिथल्या तिथं बसली. राहिल्या दोन जागा, दोन्ही वरच्या.

सहदेवरावांनी सांगितलं, आपण पहिले, त्यात विचारायचं काय. आता दुसरबीडला फोन. नागसेनरावांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि लावला. सकाळपासून त्यांची इतकी शोभा झाली होती की आणखी खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. त्यांनी आत्यांना सरळ विचारलं, तुमचं नाव कुठं होतं म्हणून सांगितलं होतं मी?

"पैलं," सिंधूताई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "दोन रांगा करून राह्यलता ना तू?"

नागसेनराव उरलेलं पाणीही प्यायले.

"तुह्या बापानं तुह्या लग्नात तेच केलतं. डाव्या हाताले मी, उजव्या हाताले तुह्ये मामा. मी तवाच वळखलं."

"मंग तुमी आल्या काऊन, आत्याबाई?"

"तुह्या लग्नाले यायचं व्हतं म्हणून आले. समतीच्याबी यायचंच हाय. तिच्या डोक्याले सहा वर्सं मी तेल लावलं. पण सहदेव चार लोकाइत म्हणन, पाहा, आत्या माह्या खाली हाय. मंग मी बसू कुठी, तूच सांग."

नागसेनराव म्हणाले, तुम्ही सांगाल तसं लिहितो. आत्यांनी सगळी यादी वाचायला लावली. सत्त्याऐंशी नावं त्यांनी फोनवर शांतपणे ऐकून घेतली, मधे फक्त एकदा गाईला हाकललं. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "उलटी लिव्ह. सगळ्यात ल्हान लेकरू वर, मंग त्याच्याहून मोठं, तसं उतरत ये. सगळ्याइच्या खाली मी. सहदेवले वर राह्याचं ना, राहू दे वर. पण मोठं कोण ते वाचणाऱ्याले समजन."

अनुपमा मॅडमनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, वय टाका, एका बटनात लागते. बावीस दिवस ज्याला लागले ते एका बटनात होतंय म्हटल्यावर नागसेनराव क्षणभर दुखावले, पण लगेच कामाला लागले. पुन्हा फोन फिरले, या वेळी वयासाठी. आणि नावं लहानापासून सुरू होणार, हे पहिल्या तीन फोनांतच सगळ्या गोतावळ्यात पसरलं. त्याबरोबर माणसं भराभर लहान होऊ लागली. आयुष्यभर वडीलकीचा मान मागणारे अर्जुनराव चार वर्षांनी उतरले. सहदेवराव आठ वर्षांपूर्वी अठ्ठावन्न पुरी होऊन निवृत्त झाले होते, निरोपाचा हार नागसेनरावांनीच घातला होता, तरी त्यांनी एकसष्ट सांगितलं. शाळा सोडल्याचा दाखला मागावा असं नागसेनरावांच्या जिभेवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. सहदेवराव त्यामुळे पाच घरं वर चढले आणि खूष झाले. सगळ्या यादीत वय वाढवून सांगणारं माणूस एकच निघालं. शहात्तर वर्षांच्या सिंधूताईंनी सांगितलं, "ऐंशी लिव्ह. मधी कोणी घुसाले नको."

पाच वाजता मॅडमनी बटन दाबलं. यादी खळकन उलटी झाली. सगळ्यात वर आलं धम्मरत्न, वय पाच महिने, आणि सगळ्यात खाली सिंधूताई. मॅडमनी ती तीन जागी पाठवून ठेवली, छापून हातातही दिली. नागसेनरावांनी कागद दोनदा वाचला. 'स्वागतोत्सुक' आणि 'निमंत्रक' सगळे एकात एक मिसळले होते आणि कोणाचंच बिनसत नव्हतं. निघताना त्यांनी सत्यभामाबाईंना एकदा फोन करून पत्ता विचारला. तो त्यांनी पिनकोडसकट दिला, कारण पत्ता कोणाला सांगू नका असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये लॅपटॉप बंद करून पिशवीत ठेवला होता. सहाला पाच कमी असताना छापखान्याच्या मालकानं मजकूर घेतला आणि हॉटेलवाल्यानं फ्रिज बिघडला का म्हणून विचारायला हाक मारली. फ्रिज ठीक होता, नुसती पिन लावायची राहिली होती. साखरखेर्ड्याच्या स्टँडवर उतरताना कडूबा एवढंच म्हणाले, की मोटरीचं अन् याचं पाह्यलं त सारखंच हाय. नागसेनरावांनी हाव म्हटलं. दिवसभरात हे त्यांना सगळ्यात जड गेलं.

लग्न पुढच्या महिन्यातल्या रविवारी झालं. आत्या सकाळी आठलाच आल्या, नव्या लुगड्यात, आणि समता नवरीच्या पोशाखात धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. सहदेवराव पलीकडे उभे होते. ते पुढे आले, आत्यांच्या पाया पडले, म्हणाले, मी ल्हान हाय तुमच्याहून. हाव, फार ल्हान हायेस तू, आत्या म्हणाल्या, आणि सहा वर्षांचं तिथंच मिटलं. वंदना झाली, फुलं पडली. लोक पत्रिका हातात घेऊन धम्मरत्नला बघायला येत होते, आणि पहिल्या नंबरचा मान मिळालेला तो गृहस्थ आईच्या खांद्यावर झोपला होता.

जेवणाच्या वेळी एक ठेंगण्या, वयस्क बाई मांडवात शिरल्या. हातात पोस्टानं आलेली पत्रिका. त्यांनी चारजणांना विचारत नागसेनरावांना शोधलं, पत्रिकेवरचं नाव आणि समोरचा माणूस पडताळून पाहिला, नवरीकडेही नीट पाहून घेतलं. मग पदराची गाठ सोडून एक चिठ्ठी काढली.

"मी सत्यभामा. आता खात्री झाली," त्या म्हणाल्या. "हे घ्या तुमचे सहा आकडे."

कडूबा काहीतरी बोलायला गेले, ते दहा मिनिटांचं काहीतरी. नागसेनरावांनी त्यांचा हात दाबला. त्यांनी चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली, आकडे वाचले, खिशातलं पेन काढून तिच्या कोपऱ्यात 'आवक' लिहून तारीख टाकली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. तीस वर्षांच्या नोकरीत इतकं नियमानं आलेलं उत्तर त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी बाईंना हात धरून पुढच्या खुर्च्यांकडे नेलं.

पहिल्या खुर्चीवर सिंधूताई होत्या. त्यांनी पाहुणीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वय काय हो तुमचं, बाई?"

"अठ्ठ्याहत्तर," सत्यभामाबाई म्हणाल्या.

सिंधूताईंनी शेजारची, दुसरी खुर्ची पदरानं पुसली.

"मी ऐंशी," त्या म्हणाल्या. "बस माह्याजवळ. कोण्या गावची तू?"